रुपाचा कप्पा

यंदा थंडी लवकर पडली. म्हटलं, कपाट आवरून टाकावं. सुती कपडे माळ्यावर, स्वेटर-शाली खाली. हे काम मी अन् माझी सून रुपा मिळून करतो. म्हणजे मी सांगते अन् ती करते. पण ती दिवाळीला रनाळ्याला, माहेरी गेली, त्याला पंधरा दिवस होऊन गेलेले. मग मी एकटीच स्टुलावर चढले.

माझा कप्पा झाला, मुलाचा, भूपेशचा झाला. मग रुपाचा उघडला तर रिकामा. स्वेटर नेला ते ठीक, थंडी आहे. पण सुती साड्या? पातळ गाऊन? उन्हात तोंडाला बांधायचा पांढरा स्कार्फसुद्धा नाही. आता या दिवसांत कोणाला ऊन लागतंय, सांगा बरं!

मी स्टुलावरून उतरले. पोरगी उन्हाळ्यापर्यंत येत नाही, की कधीच येत नाही?

भूपेशला दुकानात फोन लावला. तो म्हणे, आमचं रोज बोलणं होतं, येईल की. त्याच्या वडिलांना, आबांना, सांगितलं, तर पेपरातून मान न काढता म्हणाले, तुला घोर लावून घ्यायची सवयच आहे. बापलेक एका माळेचे मणी! लग्नाला पुरती दोन वर्षं नाहीत अन् यांना कशाचं काही नाही. कपड्यांच्या ढिगात बसून मी आठवत राहिले, मी तिला काय बोलले, कधी बोलले.

अन् आठवलं. निघायच्या आदल्या दिवशी रिकामी पिशवी हातात धरून तिनं विचारलं होतं, घ्यायला कोण येईल? आमच्याकडे सून माहेरी गेली की सासरचं माणूस जातं, तिथं जेवतं, मग तिला घेऊन येतं. मी शेव तळत होते. झारा न थांबवता बोलले, गाड्या नव्हत्या तेव्हाचं ते, आता एसटी आहे, तुझी तू ये. माझ्या जिभेला काही हाडबीड? मला न्यायला माझे सासरे दरवर्षी बैलगाडी जुंपून यायचे. ते आल्याशिवाय मी उंबरा ओलांडला नसता. माहेरच्या गल्लीतल्या बायांनी विचारून विचारून जीव नको केला असता.

शेवटी रुपालाच फोन केला. थंडीचं विचारलं, तब्येतीचं विचारलं, मग राहवेना. आमच्या अहिराणीत म्हटलं, बाई, उन्हाळाना कपडा कसाले लई गयी?

घ्यायला कोणी येणार नाही, हे माझंच बोलणं तिनं माझ्या पदरात टाकलं.

"आई, तुम्हीच सांगेल व्हतं ना, कोनी लेवाले येवाव नही," ती म्हणाली. "मंग मी दोन्ही हंगामना कपडा लई उनू."

मला भूपेशचा राग आला, त्याच्या बापाचा आला, सगळ्यात जास्त माझाच आला. चुकलं असं म्हणायला हवं होतं, ते तोंडातून निघेना. एवढंच म्हटलं की उद्या सकाळच्या गाडीनं मी येते.

"एकल्या येऊ नका," ती म्हणाली. "आबासले संगे लई या. अन् गल्लीमाईन पायी या, सर्वासले दिसाले पाहिजे."