मास्तरांची चुकलेली छाटणी

मास्तरांनी जन्मभर लोकांचे कपडे बेतले. कात्री चुकली अशी तक्रार कधी आली नाही. चुकली ती एकदाच, आणि तीही कापडावर नव्हे, अंगणातल्या झुडपावर.

ते झुडूप बायकोचं. लायलॅक म्हणतात त्याला. थंडीत पानं झडून नुसत्या काटक्या उरतात, आणि ऊन जरा तापू लागलं की जांभळे तुरे येतात, वास पार घरात शिरतो. तुरे सुकले रे सुकले की बायको छाटणीला बसायची. "एवढी कसली घाई?" असं मास्तर विचारायचे. "तुम्ही तुमच्या बाह्या जोडा," म्हणायची. पहिला तुरा उमलला की लेकीला फोन जायचा, "फुललं गं, ये." लेक परिचारिका, चार दिवसांची सुट्टी काढून यायची. दोघी झुडपाशी खुर्च्या टाकून बसायच्या. त्यांचं हसणं, लेकीच्या शिंका, सगळं मास्तर आत मशीनवर बसून ऐकायचे. बाहेर जायचं कधी सुचलं नाही, आणि आता बाहेर कोणी नव्हतं.

बायको गेली ती तुरे सुकत आले असताना. त्या वर्षी छाटणी राहिली. पुढे थंडीत घर खायला उठलं आणि मास्तरांचे हात शिवशिवू लागले. वेड्यावाकड्या काटक्या त्यांना बघवेनात. त्यांनी टेप लावली, खडूच्या खुणा केल्या आणि सगळ्या फांद्या एका उंचीत आणल्या. कोटाची कॉलर बसावी तसं झुडूप बसलं. मास्तर स्वतःवर खूश झाले.

ऊन तापलं. पानं भरभरून आली, तुरा मात्र एक नाही. मास्तर रोपवाटिकेतल्या बाईंकडे गेले.

"छाटलंत कधी?" बाईंनी विचारलं.

"थंडीत."

"मग कळ्याच छाटल्यात की, मास्तर. याच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात. फुलं गेली की लगेच छाटायचं, नंतर हात लावायचा नाही."

"आता?"

"आता पुढच्या वर्षी."

बायकोची घाई मास्तरांना आत्ता कळली. पण त्यांना घोर लागला तो वेगळाच. फुलं नाहीत तर फोन कुठल्या तोंडाने करायचा, आणि फोन नाही तर लेक येणार कशी? लेकीशी फोनवर ते आजवर एकच वाक्य बोलत आले होते, "थांब, आईला देतो."

तीन आठवडे ते रोज सकाळी पानं उलटून बघत राहिले. शेवटी एका दुपारी त्यांनी नंबर लावला. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं हवापाणी विचारलं, तब्येत विचारली.

"बाबा, फुललं का?" लेकीनेच विचारलं.

"नाही. मी भलत्या वेळी छाटलं. चुकलं माझं." मग ते म्हणाले, "फुललं नाही, तरी तू ये."



"सुट्टी मी परवाच दुसऱ्या नर्सला दिली, बाबा. रोज तुमच्या फोनची वाट बघत होते. वाटलं, आई गेली, आता कोण बोलावणार."

"मला वाटलं, तू फुलांसाठी येतेस."

"मला त्या वासाने शिंका येतात. लहानपणापासून."

शिंका तर त्यांनी दरवर्षी ऐकल्या होत्या.

"पुढची सुट्टी थंडीत मिळेल," लेक म्हणाली.

"तेव्हा नुसत्या काटक्या असतील."

"असू देत."

फोन ठेवून मास्तरांनी दोन खुर्च्या बाहेर नेल्या, झुडपाशी मांडल्या आणि एकीवर बसले. थंडीला अजून सहा महिने होते.