गुंडीची बंडी

"आमच्या दुकानातून कुणी वाकडा बाहेर पडत नाही," असं म्हातारा शिंपी गिऱ्हाइकांना सांगे, आणि ते खोटं नव्हतं. कुणाचा खांदा उतरलेला असो, कुणाची छाती दबलेली, कोटाच्या आत कुठे किती कापूस भरायचा हे त्याच्या बोटांना कळे. "देवाकडून राहिलेलं मी पुरं करतो," हेही तो वर म्हणे. देव ऐकत असेल तर कानांवर हात ठेवत असेल.

त्याच्याच घरात नात जन्मली ती वाकडी पाठ घेऊन. पाठीतला एक मणका पोटात असतानाच अर्धा घडला होता. डाव्या हाताचा अंगठाही वाळल्या शेंगेसारखा लोंबता. मोठ्या इस्पितळात नेऊन सगळं तपासून घ्या, असं तेव्हा बाळंतपण केलेल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. "तिथे काय सांगणार? वाकडी आहे, एवढंच ना? ते मला दिसतंय," म्हणून म्हाताऱ्यानं विषय मिटवला आणि टेप काढली.

लाडानं तिचं नाव ठेवलं गुंडी. ती चालू लागली तशी तिच्यासाठी बंडी शिवली. डावीकडे कापसाची जाड गादी, उजवीकडे नुसतं अस्तर, पाठीवर घट्ट बंद. वरून झगा घातला की दोन्ही खांदे एका रेषेत. अंग वाढेल तसा बाक वाढला, आणि बाक वाढेल तशी गादी. गल्लीतला डॉक्टरसुद्धा बंडीवरूनच नळी लावून औषध देई. पाठ उघडायची नाही, हा आजीचा दंडक.

त्या उन्हाळ्यात गुंडीला ताप भरला. उतरे आणि पुन्हा चढे. तापात आंघोळ नको म्हणून बंडी अंगातून निघालीच नाही. तशात धाकट्या काकाच्या सोयरिकीसाठी पाहुणे यायचे ठरले. त्या सकाळी आईनं तिला न्हाणीघरात नेऊन बंद सोडले.

भपकारा असा आला की आईला भिंत धरावी लागली. आंबलेला घाम, पिकलेली कातडी, आणि त्या सगळ्याखाली मुरलेली लघवी. कापूस पिवळा पडून त्याचे चिकट गोळे झाले होते. अस्तर कातडीला धरून बसलं होतं. सोडवताना सालासारखं आलं आणि त्याखालून पू ओघळला. आई मोरीशी वाकून ओकली.

"माझी घाण वाटली ना तुला?" गुंडीनं विचारलं.

"तुझी नाही गं राणी."

"शू थेंब थेंब होते. जळजळते. मग मी बंडीच्या टोकानं पुसते." तिनं कुशीवर हात ठेवला. "आणि इथे दुखतं. आजीला सांगू नको, म्हणेल बंडी नासवली."

आई तडक स्वयंपाकघरात गेली. "आई, हिला इस्पितळात नेते."

"आत्ता? पाहुणे जिन्यात असतील!" सासूबाई म्हणाल्या. "एकदा त्यांच्या तोंडून होकार येऊ दे, मग ने कुठे न्यायची तिथे. वाकड्या पोरीचं घर म्हटलं की आपल्या मुलाला मुलगी कोण देईल?"

"बंडीला घाण येतेय. आत पू झालाय."

"मग अत्तर शिंपड जरा."

आईनं दारातून नवऱ्याकडे पाहिलं. वडिलांसमोर ब्र न काढणारा माणूस तो, मशीनमध्ये दोरा ओवत म्हणाला, "थोडा वेळ काढ गं. मग नेऊच."

दुसरी बंडी सकाळीच धुतलेली, ओलीच होती. सासूबाईंनी एका हातानं नाक धरलं, दुसऱ्यानं तीच बंडी अत्तरात भिजवली आणि पोरीच्या अंगात चढवून बंद आवळले. जखमांवर अत्तर झोंबलं तशी गुंडी ओठ चावत उभी राहिली.

पाहुणे बसले. "पोर किती ताठ बसते हो!" मुलीची मावशी म्हणाली, आणि म्हातारा खुलला. मग तिनंच पदर नाकाशी नेला. "काही मेलंय का हो इथे?"

"खालचं गटार!" सासूबाई तत्परतेनं म्हणाल्या. "सांगून सांगून जीभ झिजली, कुणी फिरकत नाही."

"आमच्याकडेही तेच, ताई!" म्हणत सगळे हसले. म्हाताराही हसला. नवराही. गुंडी तापानं फणफणत होती आणि ही माणसं गटारावर मन मोकळं करत मिठाई खात होती. ताटलीवरची माशी उठली, घिरटी घालून गुंडीच्या पाठीवर बसली. मग दुसरी बसली. आजीनं गोड हसत त्या हातरुमालानं हाकलल्या.

ते हसू पाहून आईला मोरीपेक्षा जास्त मळमळलं. ती उठली. गुंडीची पाठ तिनं पाहुण्यांकडे फिरवली, झगा वर केला आणि बंद ओढले.

"गटार नव्हे, मावशी. हे आहे."

मावशीच्या हातातली बर्फी खाली पडली. कुणी काही बोलायच्या आत आईनं पोरीला चादरीत गुंडाळलं, बंडी पिशवीत कोंबली आणि जिना उतरली.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी पाठ पाहिली, मग अंगठा, मग पोटाची सोनोग्राफी केली. पडद्यावरून नजर न काढता त्या म्हणाल्या, "मूत्रपिंड एकच आहे हिला. जन्मापासून. त्याची वाटही अरुंद, म्हणून लघवी तुंबून पू झालाय. पाठीचे मणके आणि मूत्रपिंड पोटात एकाच सुमाराला घडतात, बाई. पाठ अशी दिसली की बाकीचं शोधायचं असतं. हृदयसुद्धा पाहावं लागेल. ही पाठ आजवर कुणाला दाखवलीत?"

आईनं पायाशी ठेवलेली बंडीची पिशवी खाटेखाली सरकवली.

"आज नळी घालते. मूत्रपिंड किती वाचेल ते उद्या-परवा कळेल. घरी आणखी ठेवली असती तर विचारायची वेळच आली नसती."

नळीतून गढूळ, ताकासारखं काहीतरी पिशवीत उतरू लागलं. आई त्याच्याकडे पाहत बसली.

संध्याकाळी म्हातारा आला. सोयरीक मोडल्याचं अवाक्षर न काढता त्यानं कागदात गुंडाळलेली नवी बंडी पुढे केली. पांढराशुभ्र कापूस, मऊ अस्तर, मुंगीएवढे टाके. "दुपारभर बसून शिवली. ही टोचणार नाही गं तिला."

एवढी माया त्या टाक्यांत होती की आईला तिचाही उबग आला. तिनं खाटेखालची बंडीची पिशवी काढली. "मामंजी, आधी हिचा वास घ्या."

"पोरी, नको..."

"तुमच्याच हातची आहे. घ्या."

त्यानं पिशवी उघडली, नाकाशी नेली. तोंड फिरवायच्या आतच घशात आलं. धोतराचा सोगा तोंडाशी दाबून तो कोपऱ्यातल्या बादलीकडे धावला. परतला तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कशाचं, ते आईनं विचारलं नाही.

गुंडी कुशीवर झोपली होती. तिची पाठ उघडी होती. म्हातारा तिच्याकडे पाहत राहिला. सबंध गावाची मापं घेतलेला माणूस, पण नातीचं माप त्यानं कायम बंडीवरून घेतलं होतं.

"मागून उघडा झगा लागेल," आई म्हणाली. "सैल. कापूस नको. डॉक्टरांना पाठ दिसली पाहिजे."

म्हाताऱ्यानं गळ्यातली टेप काढली. नळीला धक्का लागू नये म्हणून गुडघ्यांवर बसला, आणि कातडीला न टेकवता टेप धरली. आधी उजवा खांदा. मग डावा, कितीतरी खाली.

आईनं हात पुन्हा एकदा साबणानं धुतले. वास जात नव्हता.