डिकीतले लाल आकडे

वायरवालीने शटर अर्धं वर ढकललं आणि तिचा हात तिथेच थांबला. आतल्या अंधारात, गाडीच्या उघड्या डिकीत, आजही लाल आकडे पेटले होते. बारा पॉइंट काहीतरी व्होल्ट. आणि त्या गाडीला बॅटरीच नव्हती. नवरा गेला त्याच आठवड्यात तिने ती स्वतःच्या हाताने काढून बाजूला ठेवली होती.

ती काही भुताखेतांना भिणारी बाई नव्हती. उलट तिला काम येत होतं, म्हणूनच ती जास्त घाबरली होती. डिकीतला तो चकचकीत डबा म्हणजे कपॅसिटर. त्यात वीज साठते हे खरं, पण घोटभर. त्याच्या अंगावरचे आकडेच ती तासा-दोन तासांत पिऊन टाकतात. मग रोज सकाळी डबा भरतो कोण?

"पुरे झालं तुझं," ती अंधाराकडे बघत म्हणाली. "मेल्यावर तरी गप्प बस की." मग ट्यूब लावली, आणि दिवसभर डिकीकडे पाठ करून काम केलं.

गाड्यांमध्ये गाण्याची सिस्टीम बसवून द्यायचं त्यांचं दुकान. नवऱ्याला सगळे बेसशेठ म्हणायचे, कारण आवाजाने छाती हलली नाही तर त्याला ते गाणंच वाटायचं नाही. गिऱ्हाईक तक्रार घेऊन यायचं, की आवाज वाढवला की हेडलाईट मंद होतात. बेसशेठ लगेच म्हणायचा, "कपॅसिटर लावून टाकू!" आणि आतून हिचा आवाज यायचा, "काही नको. बॅटरीपासून जाड वायर टाका, अर्थिंगची जागा घासून घ्या. तरी भागलं नाही तर वीज बनवणारा अल्टरनेटरच मोठा बसवा. डबा काय घरून वीज आणतो का? त्यालाही गाडीच पोसणार ना?"

"अगं, ठोका पडतो तेवढ्या क्षणाला तो हात देतो!"

"आणि पुढच्या ठोक्याला?"

"गिऱ्हाइकासमोर तरी नवऱ्याची बाजू घेत जा!"

गिऱ्हाईक हसून लोटपोट. काही जण तर काम नसताना नुसतं भांडण ऐकायला यायचे. वायरवाली हे नाव तिला तेव्हाच पडलं. मनातून तिला ते आवडायचं.

त्या संध्याकाळी बेसशेठ नमुन्याच्या गाडीत बसला होता. गिऱ्हाइकांना आवाज ऐकवायची हीच ती गाडी. नवा, मोठा कपॅसिटर त्याने सकाळीच लावला होता. ती हात पुसत वरच्या घरातून मागच्या जिन्याने खाली आली, तर गाणं दणाणत होतं आणि प्रत्येक ठोक्याला हेडलाईट मान टाकत होते. तिला आयतंच सापडलं. ती बंपरसमोर उभी राहिली आणि त्याला धू धू धुतलं. "बघ! लावलास ना डबा? मग हे दिवे काय लाजतायत का?" तो स्टेअरिंगमागे डोकं टेकून, डोळे अर्धवट मिटून बसला होता, नेहमी ऐकायचा तसाच. ती बोलत राहिली. हसलीसुद्धा. गाणं संपलं. त्याने दुसरं लावलं नाही, तेव्हा तिच्या हातातलं फडकं खाली पडलं.

आयुष्यभराचा वाद ती जिंकली होती, आणि तो वाद ती एका मेलेल्या माणसाशी घालत होती. घरात ती त्याचं नाव काढेना. आणि मग ते आकडे दिसायला लागले. तिला वाटायचं, हे त्याचं उत्तर आहे. बघ, बॅटरी काढलीस तरी चालतो की नाही डबा?

हे असंच चाललं तर आपल्याला वेड लागणार, हे तिला कळत होतं. गाडी गेली की सुटका होईल. कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीवाल्याला कपडे पोचवायला गाडी हवीच होती. जेवताना तिने सासऱ्यांना सांगितलं, "बाबा, उद्या गाडी जाईल."

बाबांचा हात पाण्याच्या पेल्यावरच राहिला. "डब्यासकट?"

"सकट. ब्याद टळू दे एकदाची."

बाबांच्या बोटांची टोकं काळी पडली होती. "हे काय झालं?" तिने विचारलं. सायकलची चेन पडली होती, असं काहीतरी पुटपुटत ते ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर निघाली. शटर उघडून ते आकडे पुन्हा बघायची तिची छाती नव्हती, म्हणून मागच्या जिन्याने उतरली. दार नुसतंच लोटलेलं होतं. आत चट् असा आवाज झाला, क्षणभर निळा उजेड पडला आणि कुणीतरी हळूच म्हणालं, "उठ रे. उजाडलं."

चौकटीला धरून ती आत वाकली. डिकीपाशी बाबा गुडघ्यांवर बसले होते. शेजारी दुकानातली बॅटरी, दोन हातांत दोन वायरी. डब्यावरचे लाल आकडे त्यांच्या चष्म्यात दिसत होते.

"बाबा! तुम्ही?"

बाबा दचकले. वायरी लपवायला गेले, पण लपवणार कुठे? "त्यानेच शिकवलं होतं मला," ते म्हणाले. "लाल लालला, काळी काळीला."

"रोज? मी इथे रोज मरत होते हो भीतीने! मला वाटलं, तो..."

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. "भीतीने?" त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "पोरी, पहिल्यांदा मी माझ्यासाठीच लावलं होतं. आकडे विझलेले मला बघवेनात. पण तू शटर उघडलंस आणि बघत उभी राहिलीस. मग त्याच्याशी बोललीस. मी या दाराआड होतो. घरात तू त्याचं नाव काढत नाहीस. म्हटलं, इथे तरी बोलते. म्हणून मग रोज..."

तिला त्यांचा भयंकर राग आला. इतक्या सकाळी तिचं काळीज तोंडाशी आलं होतं, आणि हा म्हातारा दाराआड उभा राहून समाधान मानत होता! ती तोंड उघडणार, एवढ्यात त्यांची काळी पडलेली, भाजलेली बोटं दिसली. मग ती तिथेच खाली बसली आणि रडली. तो गेल्यापासून पहिल्यांदाच. बाबा शेजारी बसून राहिले. वायरी त्यांच्या हातातच होत्या.

लॉन्ड्रीवाला आला तेव्हा उन्हं नुकतीच वर आली होती. त्याने गाडीभोवती फेरी मारली, टायरला उगाच एक लाथ घातली, डिकीत डोकावला. "हे काय पेटलंय? त्याचा काही उपयोग होतो का?"

आयुष्यभराचं उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. बाबा कोपऱ्यात उभे होते.

"ठोका पडतो तेवढ्या क्षणाला जरासा हात देतो," ती म्हणाली. "तुमच्या कपड्यांना काय करायचाय? मी काढून घेते."

डबा उतरवायचा तर आधी बल्ब जोडून रिकामा करायचा, हा नियम. तीच कामाला येणाऱ्या नव्या पोरांना त्यावरून ओरडायची. पान्हा घसरला तर भडका उडतो. तिने खणातून बल्ब काढला, हातात धरला आणि परत ठेवला. मग एकेक वायर सोडवत टोकांना घट्ट टेप गुंडाळली आणि भरलेला डबा, आकडे पेटलेले असतानाच, झोपलेलं मूल उचलावं तसा उचलला. बाबांनी खालून हात लावला. बेसशेठने हे पाहिलं असतं तर त्याने दोघांनाही शिव्या घातल्या असत्या.

तिने काढून ठेवलेली बॅटरी गाडीत परत चढवून दिली आणि गाडी गेली. जमिनीवर तेलाचा डाग उरला. टेबलावर डब्याचे आकडे उतरत उतरत विझले. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि हळूच दुकानातल्या बॅटरीच्या वायरीकडे हात नेला.

"थांबा. असं थेट लावलं म्हणून बोटं भाजली. मध्ये बल्ब घ्यायचा असतो, तेवढंच शिकवायचं राहून गेलं त्याचं." तिने टेप सोडवली, बल्ब जोडला. तो लख्ख पेटला, मग मंद होत होत गेला.

"विझला!" बाबा घाबरले.

"बल्ब विझला म्हणजे डबा भरला, बाबा."

लाल आकडे पुन्हा उमटले होते. ती कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मी सांगत होते," ती म्हणाली, "जाड वायर टाक म्हणून. ऐकशील तर शपथ."

बाबांनी स्टूल ओढलं आणि ते ऐकायला बसले.