विंचवाच्या नांगीखालचा फुगवटा

मित्रांनो, मी एक जुना तामचिनीचा ट्रे आहे. अंग पांढरं, काठ निळा. आता जागोजागी टवके उडालेत आणि मधे गंजाचा डाग पडलाय, पण भट्टीतून निघालो तेव्हा माझ्यात तोंड पाहून घ्यावं असा मी होतो.

जबलपुरातल्या एका दवाखान्याच्या बायकांच्या वॉर्डात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. रोज उकळत्या पाण्यात डुंबायचं, पुसून कोरडं व्हायचं आणि सुया, कापूस, स्पिरिट, औषधांच्या कुप्या घेऊन खाटेखाटेला फिरायचं. माझ्या एका कोपऱ्यात अॅड्रिनलिनची कुपी असे. औषध कुणाला बाधलंच, तर जीव वाचवायला. ती जागेवर आहे हे पाहिल्याशिवाय शैलजा सिस्टर कुणाला टोचत नसत.

सिस्टर नव्या मुलींना शिकवत, ते ऐकून ऐकून मीही अर्धा पंडित झालो. जंतू मारणाऱ्या औषधांची घराणी वेगळी आणि प्रत्येकाचे रुसवेफुगवे वेगळे. पेनिसिलिन गुणाचं, पण एखाद्याला विषासारखं बाधतं. म्हणून आधी विचारायचं, मग कातडीत थेंबभर टोचून वाट पाहायची; तिथे लाली किंवा फुगवटा आला, तर औषध द्यायचं नाही. स्ट्रेप्टोमायसिन कानांवर उठतं, म्हणून कानात गुणगुण होते का, लघवी कमी झाली का, हे विचारत राहायचं. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर नको, आणि लहान लेकरांना तर नकोच, दात कायमचे पिवळे पडतात. सल्फा दिलं की भरपूर पाणी पाजायचं. हे सगळं सिस्टरांच्या जिभेवर होतं. एवढ्या पक्क्या बाईच्या हातून ते घडलं, याचंच मला आजही वाईट वाटतं.

शहरातल्याच घमापूर वस्तीतून दयाराम नावाचा माणूस आपल्या बायकोला, भागीरथाला, घेऊन आला. तो रिछाईतल्या एका कारखान्यात कामाला होता. भागीरथाला निमोनिया झाला होता. डॉक्टरांनी पेनिसिलिन लिहिलं. तिच्या उजव्या हाताला सलाईन होतं, म्हणून सिस्टरांनी डाव्या हातावर थेंबभर टोचून भोवती पेनाने गोल काढला. तो हात मनगटापासून कोपरापर्यंत हिरव्या गोंदणाने भरला होता.

"काहून घाबरून राहिली? सुईच तं आहे," दयाराम बायकोला म्हणाला.

दिवसभर हिंदी ऐकून किटलेले सिस्टरांचे कान टवकारले. "कुठले हो तुम्ही?"

"भंडाऱ्याकडचे जी."

झालं! सिस्टरही भंडाऱ्याच्याच. गाववाली भेटल्यावर जीव हरखतो, त्यात पाप काय? पण वेळ भरल्यावर सिस्टर तपासायला आल्या, भागीरथाचा हात हातात घेतला आणि गोंदणच पाहत बसल्या. तुळस, मोर, नांगी उभारलेला विंचू.

"माझ्या आईच्या हातावर अस्साच विंचू होता," सिस्टर म्हणाल्या.

"मेल्यावर संगं तेवढंच येते, बाई. बाकी सगळं इथंच राहते."

"खाजतबिजत नाही ना?"

"नाही जी. चलो, टोचून टाका. घरी माझी पोरगी अंजनी एकटी आहे."

गर्द हिरव्यात लाली कुठून दिसणार? सिस्टरांनी सुई भरली.

औषध आत गेलं आणि भागीरथाचा श्वास अडकला. ओठ सुजले, निळे पडले. सिस्टरांनी माझ्यावरची कुपी फोडून तिच्या मांडीत अॅड्रिनलिन दिलं, डॉक्टर धावले, ऑक्सिजन लावला. भागीरथा वाचली नाही.

नंतर तिचे हात सरळ करताना सिस्टरांचं बोट विंचवाच्या नांगीवर थांबलं. तिथे गांधीलमाशी डसल्यासारखा टणक फुगवटा होता. डोळ्यांना न दिसलेला तो बोटाला लगेच कळला. बाहेर दयाराम कपाळ बडवून घेत होता, "मीच उशिरा आणलं, मीच!" सिस्टर दारापर्यंत गेल्या आणि काही न बोलता परत आल्या.

तेव्हापासून त्या कोरी कातडी शोधूनच टोचू लागल्या आणि डोळे मिटून बोटाने चाचपू लागल्या. पुढे स्टीलचे ट्रे आले. मला अडगळीत टाकायला निघाले होते, पण सिस्टरांनी जाऊ दिलं नाही.

मग बऱ्याच वर्षांनी एकदा पायाची जखम चिघळलेली एक तरुण मुलगी आली. सोबत तिचा पिकल्या केसांचा बाप. डॉक्टरांनी पेनिसिलिनच्याच गोतातलं नवं औषध लिहिलं होतं. सिस्टरांनी तिची बाही सारली. जत्रेत गोंदवलेलं हिरवं नाव होतं, भागीरथा. सिस्टरांनी मान वर करून बापाकडे पाहिलं. तो दयारामच होता, आणि ही त्याची अंजनी, हातावर आईचं नाव घेऊन आलेली.

त्यांनी दुसऱ्या, कोऱ्या हातावर टोचलं. वेळ भरल्यावर डोळे मिटून बोट फिरवलं. कातडी गुळगुळीत होती.

दयाराम बघत होता. "एवढंच पाहाचं राहते का, दीदी?"

"हो."

"मंग हिच्या मायच्या हातावर काहून नाही फिरवलं बोट?"

सिस्टर खाली बसल्या. "मी गोंदण पाहत राहिले, दयारामजी. फुगवटा होता. मला मागून कळला."

"अन् मी इतके वर्ष समजून राहिलो होतो, का मीच तिले मारलं."

अंजनीच्या हातावरच्या नावावर त्याने आपला तळवा ठेवला आणि तसाच बसून राहिला.

मित्रांनो, आता मी खरंच अडगळीत आहे. माझं एवढंच मागणं आहे. सुई घेताना घरी जायची घाई असली, तरी अंगाला काही वाटलं तर बोलून टाका. आणि मोठेपणी कुणाचा हात तुमच्या हाती आला, तर नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. तरीही चूक झालीच, तर बाहेर बसलेल्या माणसाला त्याच दिवशी सांगा. दयारामला ते कळायला त्याची लेक मोठी व्हावी लागली.