गाडीचा होकार

आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारणी घरच्या खुर्च्या घेऊन पुढे बसल्या होत्या, फाटकावर दोघं चढून बसली होती, आणि सगळ्यांची तोंडं एका जुन्या मोटारसायकलीकडे होती. गाडी स्टँडवर उभी, इंजिन चालू, वर कोणीही बसलेलं नाही. तरी तिचा आवाज आपला आपण चढायचा, घरघरत वर जायचा आणि पुन्हा खाली यायचा. आवाज चढला की गर्दी श्वास रोखायची. गाडी माझ्या दादाची होती, आणि दादाला जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं.

गाडीशेजारी कंपनबाबा उभा. हे नाव लोकांनी दिलेलं, पण त्याला ते मनापासून आवडायचं. “आत्मा म्हणजे काय? कंपन. इंजिन म्हणजे काय? कंपन. मग आत्म्यानं इंजिन सोडून जायचं तरी कुठं?” असा बिनतोड सवाल तो टाकायचा आणि माना डोलायच्या. मी शाळेत विज्ञान शिकवते. या हिशेबानं आत्मा पिठाच्या गिरणीतही राहू शकतो, हे मला तिथंच सांगता आलं असतं, पण तोंड उघडायचा कंटाळा आला. दादा गेल्यापासून मला सगळ्याचाच कंटाळा होता. रडू येत नव्हतं, राग येत नव्हता. शिकवत होते, जेवत होते, झोपत होते, बस्स.

बाबाची रीत साधी होती. लोकांनी दादाला प्रश्न विचारायचा. बाबा डोळे मिटून उजवा हात टाकीखाली, थेट इंजिनापाशी घालायचा. आवाज शांत, एकसारखा झाला की दादाचा होकार. इंजिन गचका खाऊन बंद पडलं की नकार. तापलेल्या इंजिनाला हात लावूनही बाबाला भाजत नाही, याचं लोकांना कोण कौतुक! शिवाय तो कोणाकडून काही घेत नसे, म्हणजे तर सच्चा माणूस. त्याला फक्त गर्दी लागायची, आणि ती आमच्या अंगणात फुकट मिळत होती.

हे सगळं सुरू झालं ते दादाच्याच एका वाक्यावरून. दवाखान्यात असताना तो वहिनीला म्हणाला होता, “गाडी रोज सुरू करत जा, उभी राहून खराब होते.” कोणाकडून तरी ती फिरवून आणायची, हे तिनं समजून घ्यावं अशी त्याची अपेक्षा असावी. वहिनीला गाडी चालवता येत नाही. तिनं शब्द तेवढा धरला. रोज सकाळी ती किक मारून गाडी जागच्या जागी धडधडत ठेवायची आणि तेवढ्यात अंगण झाडून घ्यायची. इंजिन बंद पडायला लागलं की दादानं दाखवलेला एकच स्क्रू थोडा पिळायची. दादा गेला, पण तिचा नेम चुकला नाही. पुढे आवाज आपोआप चढायला लागला, शेजारणीनं तो ऐकला आणि ती बाबाला घेऊन आली.

इथपर्यंत मी गप्प बसले. चार लोक येतात, वहिनीला बरं वाटतं, माझं काय जातंय? पण वहिनीच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की ती काढायलाच हवी, आणि उशीर केला तर पसरेल. ऑपरेशनची तारीखही मिळाली. वहिनीनं ते गाडीला विचारलं. बाबाचा हात आत गेला आणि इंजिन बंद पडलं.

“मी फोन करून नको म्हणून सांगितलं,” वहिनी रात्रीच्या जेवणाला मला म्हणाली. “ह्यांचा नकार आहे.” दूध संपलंय म्हणून सांगावं, तसा आवाज.

मला भीती वाटली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, ते हे. मी भांडले, समजावलं, इंजिनाचं शास्त्र सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि ताटं उचलली. तुला पटत नसेल तर ऐकू नकोस, ते माझं आणि ह्यांचं बोलणं आहे, एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आत आडवी झाली असताना मी गाडी सुरू केली. याच गाडीवर आमच्या वडिलांनी दादाला आणि मला इंजिन उघडायला शिकवलं होतं. ते म्हणायचे, गाडी जागेवर नीट चालत नसेल तर लगेच स्क्रू पिळू नका, आधी नको तिथून हवा कुठं शिरतेय ते बघा. इंजिन तापलं, आवाज चढायला लागला. मी साबणाचं पाणी घेऊन एकेका जागी शिंपडत गेले. पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कार्ब्युरेटर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या आखूड रबरी नळीवर पाणी पडलं मात्र, आवाज दचकून खाली आला आणि फेस आत ओढला गेला.

बोटानं चाचपलं. नळीला खालच्या अंगाला नखाएवढी भेग होती. रबर जुनंच, त्यात रोज उभ्या गाडीचा ताप आणि वारा नाही, म्हणून तडकलेलं. भेग अंगठ्यानं दाबली की जादा हवा बंद, इंजिन शांत. नळी जरा वाकवली की भेग फाकायची आणि इंजिन मरायचं. हात भाजायचा प्रश्नच नव्हता, रबर काही लोखंडासारखं तापत नाही. दादाचा होकार आणि नकार, दोन्ही माझ्या अंगठ्याखाली होते. मी बराच वेळ नुसती दाबत आणि सोडत बसले.

मग सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली, भेगेवर घट्ट गुंडाळली, तारेनं आवळली आणि स्क्रू जागेवर आणला. गाडी शहाण्या पोरासारखी चालायला लागली.

संध्याकाळी मीच बाबाला म्हटलं, वहिनीचा प्रश्न माझ्यासमोर पुन्हा विचारा. नास्तिक नणंद शरण आली म्हणून बाबा खूश झाला. डोळे मिटले, हात आत गेला. इंजिन आपलं चालतंय. बाबानं खांदा हलवला, कोपर हलवलं. इंजिन चालतंय. त्याच्या कपाळावर घाम आला.

“हो म्हणतायत की,” मागून कोणीतरी म्हणालं.

बाबा काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. नणंदेच्या मायेनं आत्म्याचं मन वळलं, असं त्यानं उभ्या उभ्या जाहीर करून टाकलं. वहिनीनं माझा हात धरला. “ऐकलंस? जा म्हणतायत.” तिचा चेहरा कधी नव्हे तो मोकळा झाला होता.

मी गप्प बसले असते तर काम झालं होतं. ती ऑपरेशनला गेली असती. तोंडाशी आलेलं मी गिळलंसुद्धा. पण उद्या ऑपरेशननंतरचं औषध घ्यायचं की नाही, हेही ती गाडीलाच विचारणार होती, आणि मी काय जन्मभर ट्यूब गुंडाळत बसणार?

“वहिनी, दादा काही बोलला नाही,” मी म्हटलं. “नळी फाटली होती. दुपारी मी पट्टी बांधली.”

मी तार सोडली, पट्टी काढली आणि वहिनीचा अंगठा भेगेवर ठेवला. तिनं दाबला, आवाज शांत झाला. उचलला, आवाज चढला. पुन्हा दाबला. संशयी माणसापुढे कंपन टिकत नाही, वगैरे बाबा बोलत होता, पण एका शेजाऱ्यानं त्याचा हात धरून सगळ्यांना दाखवला. अंगठा रबरानं काळा झाला होता. शेजारणींनी खुर्च्या उचलल्या. बाबाही त्यांच्यातूनच बाहेर पडला.

वहिनीनं चावी फिरवून इंजिन बंद केलं. “म्हणजे हे कधीच बोलले नाहीत?”

“नाही.”

“एकदाही नाही?”

“नाही.”

ती रडली नाही. पायरीवर बसून अंगठा पदराला पुसत राहिली. “ह्यांनी नको म्हटलं ना, तेव्हा सुटल्यासारखं झालं होतं मला,” ती म्हणाली. “मला भीती वाटते गं. भूल दिली आणि उठलेच नाही तर?”

“हे मला का नाही सांगितलंस?”

“तू इंजिनाबद्दलच बोलत होतीस.”

खरंच मी तिला ते विचारलं नव्हतं.

सकाळी आम्ही दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. भूल कशी देतात, कोण जवळ असतं, गाठ परत आली तर काय, वहिनीनं सगळं विचारलं. बाईंनी कागदावर चित्रं काढून सांगितलं. शेवटी वहिनी म्हणाली, “आणि तुमचं चुकलं तर?”

“चुकू शकतं,” बाई म्हणाल्या. “चुकलं तर का चुकलं, ते तुमच्यासमोर बसून मी सांगेन.”

वहिनीनं तारीख पुन्हा घेतली. तिची गाठ काढली आहे आणि औषधं चालू आहेत. पुढचं डॉक्टरीणबाईंनाही आजच सांगता येत नाही, आणि तसं त्या म्हणतात.

माझं सांगणं एवढंच आहे. घाबरलेल्या माणसाला हो किंवा नको सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना ‘का’ म्हणून विचारा. सांगता आलं नाही तर तिथून उठा, आणि ज्याला सांगता येतं त्याच्याकडे जा. आपल्या घरात असं कोणी घाबरलेलं असेल तर त्याच्याशी वाद घालण्याआधी त्याला कशाची भीती वाटते, ते विचारा.