वाट चुकलेल्याचं ताट

जरा जवळ सरका. आज नाताळची आदली रात्र, पहिली चांदणी दिसेपर्यंत उपासच आहे, पोट रिकामं तर निदान कान भरून घ्या. गोष्ट आपल्याच गावच्या हवेलीची.

सरदार गेले, हवेलीचं संग्रहालय झालं. लेओकाडिया तिथली राखणदार. यंदा पहिल्यांदाच संग्रहालयाच्या साहेबांनी भोजनाच्या दालनात नाताळच्या आदल्या रात्रीचं टेबल मांडलं: रीतीप्रमाणे टेबलावरच्या चादरीखाली गवत, चांदीचे चमचे आणि वाट चुकून दाराशी येणाऱ्यासाठी एक जास्तीचं ताट. आठवड्यात एक चमचा गेला. साहेब म्हणाले, "आता काही हललं, तर बाई, तुम्हीही इथून हलाल."

परवा एक म्हातारी आली. फरशी खराब होऊ नये म्हणून बुटांवर चढवायच्या लोकरी सपाता तिनं न सांगता चढवल्या. लोक तसबिरी बघत होते, ही नुसती चमच्यांकडे बघत होती. छातीशी भलीमोठी पिशवी.

"आजी, पिशवी खाली ठेवून या."

"राहू दे गं, जड नाही."

"जड होऊ नये म्हणूनच म्हणतेय."

म्हातारी हसली. लेओकाडियाला ते हसूही खटकलं. ती पुढच्या दालनात गेल्यासारखं करून आरशात बघत राहिली. म्हातारीनं टेबलाभोवतीची दोरी ओलांडली. हात ताटाकडे गेला.

लेओकाडियानं येऊन मनगट धरलं. "मूठ उघडा."

मुठीत चमचा नव्हता. आज रात्री आपण एकमेकांना मोडून देतो ना, त्या पातळ पोळीचा तुकडा होता.

"माझी आई, अपोलोनिया, सरदारांच्या वेळी इथं कामाला होती," म्हातारी म्हणाली. "हे जास्तीचं ताट दरवर्षी तीच मांडायची. कधी कुणी आलं नाही म्हणायची. आता तीही नाही. म्हटलं, यंदा तिलाच बसवावं."

"पिशवी दाखवा."

पिशवीत शाल आणि उरलेली पोळी. लेओकाडियानं तुकडा स्वतःच ताटात ठेवला.

लोकरी सपातांमुळे साहेब कधी आले, कळलंच नाही. "हे काय ठेवलंय? उचला."

"पाहुण्याचं आहे, साहेब. बसलेल्या पाहुण्याला उठवू कसं?"

साहेबांनी दोघींकडे बघितलं, चमचे मोजले. उरलेले सगळे होते. तरी त्यांनी हात पुढे केला, "किल्ल्या."

लेओकाडियानं किल्ल्या दिल्या, पण तुकडा उचलला नाही.

आता चांदणी दिसेल. प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा लेओकाडियाची आठवण ठेवा. ती काम शोधतेय.