दाराचं रबर

स्टीलच्या डब्याचं झाकण ओट्यावरून निसटलं आणि फरशीवर गोल गोल फिरत राहिलं. घरातल्या तिन्ही मोठ्या माणसांनी ते थांबेपर्यंत ऐकलं. कुणी उठलं नाही.

बाहेरच्या खोलीत श्रीनिधी जुन्या फियाटच्या दारांची काढलेली रबरं वर्तमानपत्रावर मांडून बसला होता. उन्हानं तडकलेली, बोट लावलं की काळी भुकटी सोडणारी. देवापाशी वत्सलाबाई वाती वळत होत्या.

"उचल की ते," श्रीनिधी मान वर न करता म्हणाला.

दीपश्रीनं झाकण उचललं, धुतलं आणि डब्यावर गरजेपेक्षा जास्त जोरानं दाबलं.

"आणि आवर. वसंतमामांकडं जायचंय. तू बरोबर असलीस की मामा आतला माल काढतात."

"राधालाही घेते."

"तिला कशाला? आई आहे की घरात."

"घेते."

वत्सलाबाईंच्या हातातली वात तुटली. "उन्हाळ्यात ठेवलं असतं एवढं लक्ष, तर," त्या समईला सांगितल्यासारख्या म्हणाल्या.

दीपश्री राधाची वेणी घालायला बसली. पेड आवळत गेली.

"आई, दुखतंय."

तिनं वेणी सगळी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून, सैल हातानं घातली.

गाडी श्रीनिधीच्या वडिलांची. त्यांच्यामागं शेडमध्ये गंजत पडलेली, आता दसऱ्याच्या आयुधपूजेला हार घालून, वत्सलाबाईंना पुढं बसवून सिद्धारूढ मठापर्यंत न्यायची होती. इंजिन लागलं होतं, रंग चढला होता, राहिली होती फक्त रबरं. मामांच्या दुकानाकडं जाताना त्यांच्याशिवाय चारही दारं खडखडत होती आणि कमरीपेठेतली सगळी धूळ आत येत होती. दीपश्री मागं बसली होती. राधाला तिनं मांडीवर घट्ट धरलं होतं आणि आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली होती.

"काच वर घे, धूळ येतीय."

"येऊ दे."

वसंतमामा म्हणजे दीपश्रीच्या आईचे मावसभाऊ. दुकानाच्या छतापासून रबराची वेटोळी लोंबत होती आणि त्यांच्याखाली मामा खुर्चीवर, नुसत्या बनियनवर.

"बा, बा, ये राधाक्का! हा म्हातारा अजून पळतोय?"

"कोण मामा, गाडी की तुम्ही?" श्रीनिधीनं विचारलं.

"गाडीला निदान स्पेअर मिळतात, जावईबापू." मामांनी त्याच्या हातातला जुना तुकडा घेतला, दाबून पाहिला आणि बाजूला टाकला. "ह्याच्यावर जाऊ नका. हा वर्षानुवर्षं दाबून दाबून चपटा झालाय, ह्याला स्वतःची जाडी आठवत नाही आता. मापायची ती फट."

दारापाशी बसून त्यांनी फट पाहिली आणि आतून दोन वेटोळी काढून आणली.

"हे भरीव. एकदा बसलं की कण नाही, थेंब नाही. बाहेरचं बाहेर, आतलं आत. आणि हे स्पंजाचं, मधून पोकळ. दार हलकं लागतं, पण थोडी धूळ येणार. खोटं कशाला बोलू?"

"भरीवच," श्रीनिधी म्हणाला.

"स्पंजाचं," दीपश्री म्हणाली.

मामांनी दोघांकडं पाहिलं. "आतली हँडलं बसली का सगळी?"

"बसली. उन्हाळ्यात काढून ठेवलेली, म्हणून तर तमाशा झाला." श्रीनिधी हसला. "हिची पोरगी आत शिरून दार ओढून बसली. भर दुपारी. आणि तिच्या आईसाहेब आत चपात्या लाटायलेत!"

"तुम्ही कुठं होता?" दीपश्रीनं विचारलं.

"गाडीपाशीच होतो की. डिकी घासायचं मशीन चालू होतं, मामा. त्या आवाजात माणसाला काय ऐकू येणार? नुसतं ओरडून उपयोग आहे का? पण आई कशाला असते?"

दीपश्रीच्या हातात स्पंजाचा तुकडा होता. तिनं तो मुठीत धरला, चिमटला, सोडला. तुकडा पुन्हा फुगून पूर्ववत झाला. त्या दुपारी जेवायला बोलवायला म्हणून ती बाहेर आली होती. काचेला टेकलेलं कपाळ तिला दिसलं होतं. उचलली तेव्हा पोरीचं अंग तव्यासारखं होतं आणि मान कुठंही पडत होती. तेव्हापासून घरात त्या दुपारीला तमाशा म्हणतात.

"जाऊ दे," मामा घाईनं म्हणाले. "देवानं राखलं."

"देवानं नाही, मामा."

मामांनी भरीव रबर मागच्या दाराच्या चौकटीत नुसतं दाबून बसवलं आणि कागदाची एक पट्टी फाडली. "राधाक्का, तू आत बस. मी हा कागद मधे धरून दार लावणार, तू तो आतून ओढायचा. सहज आला तर फट आहे म्हणायची."

"मी बसते," दीपश्री म्हणाली.

"मी, मी!" राधा चढलीसुद्धा.

मामांना दार दोनदा आपटावं लागलं. आतून राधानं कागद ओढला, तो फाटून अर्धा तिच्या हातात आला.

"फाटला! फर्स्टक्लास!" श्रीनिधीनं टपावर थाप मारली.

राधानं हँडल ओढलं. रबराच्या ताणानं कुलूप आवळलं होतं, हँडल हलेना. तिनं दोन्ही हात लावले. मग पाय समोर टेकवून ओढलं. हसू तसंच राहिलं होतं, पण डोळे मोठे झाले.

दीपश्रीनं दार असं खेचलं की बिजागरी कण्हली.

"हे नको."

"अगं, चार दिवसांत दबतं ते—"

"चार दिवस कोण बसणार आत? तुम्ही?"

"लोक बघायलेत. हळू बोल."

"बघू दे. ऐकूही दे, इथं मशीन चालू नाही. हे रबर लावलंत तर राधा या गाडीत बसणार नाही. मीही नाही. आयुधपूजेला सून कुठाय म्हणून चार जण विचारतील, त्यांना तमाशा सांगा."

रस्त्यापलीकडचा फळवाला सीताफळं निवडायचा थांबला होता. श्रीनिधीचे कान लाल झाले.

"द्या तिला पाहिजे ते," तो मामांना म्हणाला. "खा म्हणावं धूळ." आणि तो समोरच्या टपरीवर चहाला निघून गेला.

मामांनी स्पंजाचं रबर त्याच दाराला दाबून बसवलं आणि उरलेल्या तिन्ही दारांची मापं घ्यायला वेटोळी घेऊन पलीकडच्या बाजूला गेले. दीपश्री मागच्या सीटवर बसली. तिला वाटलं, जिंकले. खूप दिवसांनी तसं वाटलं.

राधानं दार लावलं, हँडल ओढलं, दार उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं.

"आई, बघ. मला येतंय!"

"येतंय ना? आता कधी आत अडकलीस तर स्वतः उघडायचं, राणी. वाट बघत बसायचं नाही. मशीनच्या आवाजात अप्पांना ऐकू येत नाही."

राधाचा हात हँडलवर थांबला. तिनं टपरीवरच्या बापाकडं पाहिलं.

"पण अप्पांनी बघितलं होतं की."

"काय बघितलं होतं?"

"मला. मी काचेवर असं असं केलं. मग अप्पांनी असं केलं." तिनं पंजा उभा धरला. थांब. मग एक बोट दाराकडं केलं. "दाराला लाल रंग लावलावता ना, ओला. हात लावायचा नव्हता. मी नाही लावला, आई. मग अप्पांनी मशीन लावलं."

दीपश्रीनं आपला उजवा तळवा पाहिला. त्या दुपारी मोरीत राधाच्या डोक्यावर पाणी ओतताना तांब्याला तिच्या हाताचे लाल डाग पडत होते. कशाचे, हे तिनं पाहिलंही नव्हतं. संध्याकाळी श्रीनिधी कुंचला घेऊन तिनं उघडलेल्या दारापाशीच बराच वेळ बसला होता, तेवढं आठवत होतं.

टपरीवर तो पाठमोरा उभा राहून चहावर फुंकर घालत होता.

"मी शहाण्यासारखी बसले," राधा म्हणाली. "मग मला झोप आली." तिनं दार हलकेच लावून घेतलं आणि आईच्या कुशीत सरकली.

"आई, रंग वाळायला किती वेळ लागतो?"